गाडी कुठे उभी करायची?

एक गाव होतं. दक्षिण कोकणातलं, खाडीच्या आतल्या टोकाला वसलेलं, आठ वाड्यांचं. खाली पाण्यालगत बंदर. तिथून दोन किलोमीटर आत बाजारपेठ आणि बाजारपेठेच्या कडेने एका किलोमीटरवर मोहल्ला. बाजारपेठेतून डोंगराकडे तोंड केलं की एका किलोमीटरवर देऊळवाडी लागे. तिच्यापुढे तीन किलोमीटरची चढण आणि मग तिठा. तिठ्यावरून एक फाटा तीन किलोमीटरवरच्या कातळवाडीला जाई, दुसरा चार किलोमीटरवरच्या सडेवाडीला. सडेवाडीच्याही पुढे, पऱ्यावरचा साकव ओलांडून पाच किलोमीटर वर गेलं की धनगरवाडा. त्यानंतर रान आणि सह्याद्रीचा कडा.

एका बाजूला पऱ्ये, दुसऱ्या बाजूला उभे डोंगर. त्यामुळे एका वाडीतून दुसरीत जायला वाट एकच. रस्त्यांना कुठे फेरा नव्हता. असं फेरा नसलेलं जाळं गणितात वृक्ष म्हणून ओळखलं जातं. वाड्या म्हणजे त्याचे शिरोबिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या कडा. गावातल्या कोणाला हे शब्द ठाऊक नव्हते, पण वृक्षातलं सगळं बरंवाईट ते रोज पायांनी मोजत होते.

घरं अशी होती: बंदरावर ६०, मोहल्ल्यात ५०, बाजारपेठेत १२०, देऊळवाडीत ७०, तिठ्यावर १५, कातळवाडीत ३०, सडेवाडीत ३५ आणि धनगरवाड्यात २०. एकूण ४००. कुलूप लागलेली घरं यात धरलेली नव्हती, आणि ती वरच्या अंगाला जास्त होती.

गावच्या मुंबईकर मंडळाने बरीच वर्षं वर्गणी जमवली, नमनाचे प्रयोग लावले, आणि गावाला रुग्णवाहिका घेऊन दिली. गणपतीत चाकरमानी आले तेव्हा तिची पूजा झाली, नारळ फुटला. ती कायमची कुठे उभी करायची हे मात्र ठरलं नव्हतं. तो विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, मराठी शाळेच्या मोठ्या वर्गात निघाला.

मंडळाचा चिटणीस मुंबईत संगणकाच्या कंपनीत होता. हिशेबाचं काम त्याने आपणहून घेतलं होतं आणि मनापासून केलं होतं. एकेक वाडी धरून तिथे गाडी उभी आहे असं मानायचं, चारशे घरांपर्यंतची अंतरं काढायची आणि त्यांची बेरीज करायची. गाडी बाजारपेठेत ठेवली तर बेरीज १,०५० किलोमीटर येत होती. देऊळवाडीत १,११०, तिठ्यावर १,७१०. म्हणजे घरामागे सरासरी अंतर बाजारपेठेतून २.६ किलोमीटर, तिठ्यावरून जवळजवळ ४.३.

"कोणाच्या बाजूने काही केलेलं नाही," तो म्हणाला. "प्रत्येक घर सारखंच धरलंय. गावाचं एकूण अंतर सगळ्यांत कमी पडतं ते बाजारपेठेत."

सरपंचबाईंना ते पटलं. बाजारपेठेतल्यांना तर पटणारच होतं. ठराव लिहायला घेतला तेवढ्यात मागच्या बाकावरून धनगरवाड्याचे आबा उठले.

"बाळा, तुझा हिशेब चोख आहे. एक विचारू? आमचा वाडा आहे त्याहून आणखी पाच किलोमीटर वर असता, तर गाडी किती वर सरकली असती?"

चिटणिसाला प्रश्न रास्त वाटला. त्याने शेवटच्या रस्त्याच्या लांबीत ५ च्या जागी १० घातले. उत्तर आलं, बाजारपेठ. २० घातले. बाजारपेठ. मग कोणी न सांगता त्याने ५० घातले. बेरीज १,९५० वर गेली, पण बाकीच्या जागांची त्याहून जास्तच होती. जागा तीच. तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"आबा, काहीही घातलं तरी ती हलत नाही."

"म्हणजे आम्ही किती लांब आहोत हे तुझ्या हिशेबाला कळतच नाही?"

वर्गात कोणी काही बोललं नाही. मागच्या आषाढात साकवावरून पाणी जात असताना आबांच्या सुनेला डोलीत घालून खाली आणलं होतं, आणि बाळ वाटेतच गेलं होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

गावात गणिताचे एक निवृत्त गुरुजी होते. समोर बसलेल्यांतले निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले, चिटणीसही त्यातलाच. ते फळ्याजवळ गेले. "त्याचं गणित चुकलेलं नाही," त्यांनी आधी सांगितलं. "आबांचा प्रश्नही बरोबर आहे. बघा. गाडी बाजारपेठेतून डोंगराच्या दिशेने एक किलोमीटर सरकवली. वरच्या पाच वाड्यांत मिळून घरं १७०. त्यांचं अंतर एकेक किलोमीटरने घटलं. खालच्या तीन वाड्यांत २३०. त्यांचं तेवढंच वाढलं. बेरीज ६० ने वाढली. आता सांगा, यात धनगरवाडा पाचावर आहे की पन्नासावर, हे कुठे आलं?"

कुठेच आलं नव्हतं. वृक्षात अंतरांची बेरीज सर्वांत कमी करणारी जागा शोधायला रस्त्यांची लांबी लागतच नाही. कुठल्या अंगाला निम्म्याहून जास्त घरं आहेत, तेवढंच बघत पुढे जायचं, आणि कोणत्याच अंगाला निम्म्याहून जास्त नाहीत अशा वाडीवर थांबायचं. या जागेला मध्यक म्हणतात. ती हलवायची असेल तर वरच्या अंगाला साठाहून जास्त नवी घरं उभी राहायला हवीत. घडत होतं ते उलटं. वर दवाखाना नाही, गाडी येत नाही, म्हणून माणसं मुंबईला जात. घराला कुलूप लागलं की वरच्या अंगाचं वजन आणखी घटे, आणि पुढच्या हिशेबात मध्यक आणखी घट्ट खाली बसे.

गोष्ट जरा थांबवून इथे सांगायला हवं, की हा नियम वाईट हेतूने कोणी काढलेला नाही. चीनमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हुआ लुओगेंग या मोठ्या गणितज्ञाने सहकाऱ्यांबरोबर गव्हाच्या मळणीचा अभ्यास केला. शेतं विखुरलेली आहेत, खळं कुठे करायचं? फेरा नसलेल्या रस्त्यांसाठी त्यांचं उत्तर हेच होतं. अमेरिकेत ए. जे. गोल्डमन यांनी १९७१ मध्ये हीच रीत पुन्हा मांडली. गव्हासाठी ती अगदी योग्य आहे. प्रत्येक पेंढी कोणीतरी वाहून आणायची असते, एकूण श्रम म्हणजे सगळ्या वाहतुकीची बेरीज, आणि लांबच्या शेतातली पेंढी उशिरा पोचली म्हणून तिचा जीव जात नाही. चिटणिसाने खळ्याचं गणित रुग्णवाहिकेला लावलं होतं. मला वाटतं, आपल्याकडच्या पुष्कळ आराखड्यांत हेच होतं. गणित बरोबर असतं, पण कशासाठी मोजतोय हे आधी कोणी विचारलेलं नसतं.

"मग आमच्यासाठी कुठलं गणित?" आबांनी विचारलं.

गुरुजींनी फळ्यावर आठ ठिपके काढले, रेघांनी जोडले. "लांबी तूर्त बाजूला ठेवू. फक्त मधले टप्पे मोजू. ज्या वाड्यांना एकच रेघ लागलेली आहे, त्या सगळ्या एका दमात पुसतो." बंदर, मोहल्ला, कातळवाडी आणि धनगरवाडा पुसले गेले.

"गुरुजी, आधी आम्हालाच पुसलंत?"

"आबा, बंदरही गेलं की. टोकं एकदम पुसली की उरलेल्या प्रत्येक वाडीचं लांबात लांब अंतर बरोबर एका टप्प्याने कमी होतं. सगळ्यांचं सारखंच कमी झालं, म्हणून आधी ज्या वाडीचं सर्वांत कमी होतं तिचंच पुढेही सर्वांत कमी राहणार. तुम्हाला वगळण्यासाठी नाही पुसलं. तुमचं अंतर धरूनच हे चाललंय."

फळ्यावर बाजारपेठ, देऊळवाडी, तिठा आणि सडेवाडी एका ओळीत उरल्या. पुन्हा टोकं पुसली. बाजारपेठ गेली, सडेवाडी गेली. देऊळवाडी आणि तिठा, दोनच ठिपके राहिले.

कामीय जॉर्दाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८६९ मध्ये हे सिद्ध केलं होतं: कुठलाही वृक्ष घ्या, कितीही मोठा, टोकं अशी फेरीफेरीने काढत गेलात तर शेवटी एक शिरोबिंदू उरतो, नाहीतर एकमेकांना जोडलेले दोन. तिसरी शक्यता नाही. जो उरतो तो वृक्षाचं केंद्र. मध्यक विचारतो, सगळ्यांची मिळून बेरीज किती. केंद्र एवढंच विचारतं, की सर्वांत लांब आहे तो किती लांब आहे. पहिल्या प्रश्नात वीस घरं चारशेंत विरून जातात. दुसऱ्यात एक घरसुद्धा पुरतं.

दोन ठिपक्यांतला कोणता घ्यायचा, हे मात्र किलोमीटरवर ठरणार होतं. बंदरावरच्या एक मावशी जाळी विणायच्या. गुरुजींनी त्यांना दोरा मागितला. एका किलोमीटरला चार बोटं असं माप धरून मावशींनी बसल्या जागी सबंध गाव दोऱ्यात बांधलं. प्रत्येक वाडीला एक गाठ, आणि तिठ्याच्या गाठीतून दोन फाटे फुटलेले. मुलांनी गाठींना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या.

"आता बंदराची गाठ धरून उचला. सर्वांत खाली कोण लोंबतंय?"

धनगरवाडा लोंबत होता. दोन, एक, तीन, चार, पाच. पंधरा किलोमीटर, साठ बोटं. गावातलं सर्वांत मोठं अंतर ते. ही दोन टोकं एकमेकांना जुळवली की दोरा जिथे दुमडतो तो मध्य. तिथून दोन्ही टोकं साडेसात किलोमीटरवर, आणि उरलेली प्रत्येक वाडी त्याहून जवळ. गाठ मारणारीला सुचेल अशी ही साधी युक्ती, पण ती कुठल्याही वृक्षात चुकत नाही. कुठल्याही गाठीपासून सुरू करा, सर्वांत लांबचं टोक शोधा, त्या टोकापासून पुन्हा सर्वांत लांबचं शोधा, आणि त्या दोघांच्या मधोमध थांबा.

दोरा दुमडला तो तिठ्याच्या गाठीपुढे सहा बोटांवर. म्हणजे तिठ्यापासून दीड किलोमीटर वर, उघड्या सड्यावर. तिथे छप्पर नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही. एस. एल. हकीमी यांनी १९६४ मध्ये हे दोन्ही प्रश्न शेजारी ठेवून मांडले. बेरजेची सर्वांत लहान जागा हवी असेल तर शिरोबिंदू तपासले की पुरतं, मधले रस्ते धुंडाळावे लागत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. केंद्र मात्र असं रस्त्याच्या अध्येमध्येही पडू शकतं. त्यांनी दिलेली उदाहरणंही बोलकी आहेत. बेरीज लागते ती संपर्काच्या जाळ्यात मध्यवर्ती स्विचिंग केंद्र बसवताना. केंद्र लागतं ते महामार्गांच्या जाळ्यात पोलीस ठाणं कुठे बांधायचं हे ठरवताना.

सड्यावर गाडी आणि ड्रायव्हर ठेवणं शक्य नव्हतं. वाड्यांपैकीच एक निवडायची तर देऊळवाडीपासून धनगरवाडा १२ किलोमीटर आणि तिठ्यापासून ९. तिठ्यावर एसटीची निवारा शेड होती, चहाची टपरी होती, मोबाईलचा टॉवर होता. गुरुजींनी फळ्यावर 'तिठा' लिहिलं आणि त्यापुढे दोन आकडे लिहिले: खाली बंदराला ६, वर धनगरवाड्याला ९. बाजारपेठेसमोरही दोन लिहिले: २ आणि १३.

मग खरी ग्रामसभा सुरू झाली. बाजारपेठेतला एक व्यापारी म्हणाला, वर्गणी आम्ही जास्त दिली. दुसरा म्हणाला, चारशेंतल्या २३० घरांपासून गाडी लांब नेताय, याला गावाचं हित म्हणायचं का? हा प्रश्न खोटा नव्हता. केंद्र निवडलं की सरासरी बिघडते, २.६ वरून ४.३ वर जाते, आणि ती किंमत पुष्कळ घरांनी मिळून द्यायची असते. जो माणूस हे सांगत नाही, त्याने मांडलेल्या न्यायावर माझा विश्वास बसणार नाही.

गुरुजींनी ते सांगितलं. दोरा बांधणाऱ्या मावशींनीच विचारलं होतं, "गुरुजी, आमची साठ घरं. होडीवर कोणाच्या छातीत कळ आली, तर?"

"गाडी बाजारपेठेत ठेवली असती त्यापेक्षा चार किलोमीटर लांबून येईल, मावशी. उताराचा रस्ता आहे, आठेक मिनिटं जास्त लागतील."

"आणि त्यांना?"

"तेच चार किलोमीटर, पण चढाचे. त्यांची बारा मिनिटं वाचतील."

मावशींनी हातातला दोरा गुंडाळला. "आमच्याकडे गाडी यायच्या आत रिक्षा मिळते. बाजारात डॉक्टर बसतो. आबा, तुमच्याकडे काय आहे?"

"डोली," आबा म्हणाले.

चिटणीस उभा राहिला. त्याचा हिशेब पडद्यावर अजून तसाच होता. त्याने सरासरीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घातला, 'सर्वांत लांबच्या घराचं अंतर', आणि आठही वाड्यांसाठी तो भरला. "दोन्ही रकाने समोर ठेवून मत द्या," तो म्हणाला. "मी पहिला एकच ठेवला होता."

हात मोजले. ठराव थोड्या मतांनी संमत झाला. बाजारपेठेतले काही जण त्याआधीच उठून गेले होते आणि पुढे बरेच दिवस ते सरपंचबाईंशी नीट बोलले नाहीत. ग्रामसभेने केलं ते योग्य केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याजवळ दुसरा उपाय आहे त्यांना आठ मिनिटं सोसता येतात. ज्यांच्याजवळ डोलीखेरीज काही नाही, त्यांच्याकडून तेरा किलोमीटर सोसण्याची अपेक्षा करायची आणि वर त्याला सरासरी म्हणायचं, हे मला मान्य नाही.

ठराव होताच कातळवाडीचा एक तरुण म्हणाला, मग रेशनचं दुकानही तिठ्यावर आणा. गुरुजी त्याला नाही म्हणाले. धान्य चारशे घरांना दर महिन्याला लागतं, आणायला कोणी ना कोणी जातंच, तिथे श्रमांची बेरीजच मोजली पाहिजे. दुकान बाजारपेठेतच राहिलं. देऊळवाडीहून थेट सडेवाडीला जाणारा नवा रस्ता मंजूर होण्याच्या वाटेवर होता, त्याबद्दलही एक ओळ इतिवृत्तात गेली: तो रस्ता झाला की जाळ्यात फेरा येईल, टोकं पुसण्याची रीत तेव्हा पुरणार नाही, सगळी अंतरं नव्याने मोजावीत. आणि सरपंचबाईंच्या आग्रहावरून आणखी एक ओळ, की मोजताना कुलूप लागलेली घरंही वेगळी नोंदवावीत, कधी आणि कशामुळे बंद झाली त्यासह.

तुमच्या गावात, तालुक्यात किंवा शहराच्या प्रभागात अग्निशमनाची गाडी, दवाखाना, पोलीस चौकी कुठे असावी याचा आराखडा कधीतरी समोर येईल. त्यात सरासरी अंतर दिलेलं असेलच. त्याच्या शेजारी सर्वांत लांबच्या घराचं अंतर लिहून मागा, ते घर कोणत्या वाडीतलं, कोणत्या वस्तीतलं आहे हे विचारा, आणि दोन्ही आकडे इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय हात वर करू नका.